मागचं इंजन

पौष शुद्ध ३, शके १८६०. परळी.

इंजनं आली. मालगाडीला जोडून, ताडपत्रीत गुंडाळून, दोन्ही एकदमच. शेडमधली माणसं हातातलं काम टाकून बघायला धावली आणि ताडपत्री निघाल्यावर गप्प झाली. धुराडं नाही, बॉयलर नाही, कोळशाचा डबा नाही. पुढे काचांची एक खोली आणि मागे लांबलचक लोखंडी पेटी. म्हाळू आगवाला म्हणाला, "हे इंजन हाय का ज्वारीची कणगी?" सगळे हसले. मीही हसलो, पण मनातून चिडलो होतो.

सिकंदराबादच्या कारखान्यात विजेचं काम शिकून मी आता कादरी साहेबांच्या हाताखाली आलो आहे. साहेब विलायतेला जाऊन आलेले. तेलावर चालणारी ही इंजनं घाटनांदूरचा घाट चढतात की नाही हे त्यांना वरच्या ऑफिसला दाखवून द्यायचं आहे. चढली तर शिवरात्रीच्या वैजनाथाच्या यात्रेला हीच धावतील. मला परळीची माहिती म्हणून त्यांनी मुद्दाम मागून घेतलं. म्हणाले, "त्रिंबक, ये घाट चढ गए तो समझो तुम्हारी किस्मत भी चढ गई."

उतरलो आहे दादाकडेच. आसाराम दादा या शेडमध्ये आगवाला आहे, इंजनाच्या भट्टीत कोळसा टाकतो. आई-बाप गेल्यावर त्यानेच मला वाढवलं, शिकायला हैदराबादेला धाडलं. त्याच्या हातांना कोळशाचा वास येतो. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच हातांना येतो.

वैनी म्हणाली, "पौषात कुनी नवं काम काढतं का भावजी?" मी म्हणालो, सरकारच्या फसली पंचांगात पौष नसतोच.

पौष शुद्ध ९

जेवताना दादाने विचारलं, "ह्यात आग कुटं हाय रं?"

मी ताटावर बोटाने आकृती काढून दाखवली. तेल आतल्या नळकांड्यांत पेटतं, त्याने डायनामो फिरतो, डायनामोची वीज चाकांच्या आसावरच्या मोटरींना जाते आणि मोटरी चाकं फिरवतात. वाफ कुठेच नाही. दादा लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हंजी फावडं न्हाई."

"नाही."

"मंग आगवाला कशापाई?"

मी म्हणालो, अजून नुसती तपासणी चालली आहे, इतक्या पुढचं कशाला बोलायचं. वैनीचा भाकरी वाढणारा हात थांबला. "ह्यांचं काम जातंय का भावजी? आता तर डायवरकीचा नंबर लागणार व्हता." मी नाही म्हणालो. माझा आवाज ठाम आला. खरं काय ते मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

पौष पौर्णिमा

फजिती. एकच इंजन लावून गाडी वर काढली. अर्ध्या चढावर, डोंगर कापून केलेल्या खोल खिंडीत, मोटरी तापल्या आणि गाडी उभी राहिली. परळीहून कोळशाचं इंजन मागवून ढकलत न्यावी लागली. म्हाळूने वाफेची शिट्टी इतकी लांबवली की साहेबांचे कान लाल झाले.

मग दोन्ही इंजनं जोडून पाहिली. पुढे रामहरी, मागे शहादेव. दोघेही जुने, घाट पाठ असलेले ड्रायव्हर. पण कोळशाचं इंजन श्वास टाकतं, त्यावरून पुढच्याला मागच्याचा जोर कळतो. यांचा नुसता एकसारखा घुमघुमाट. रामहरीने जोर कमी केला ते शहादेवला कळलं नाही. मागच्याने धक्का दिला, पुढचं ओढायला गेलं आणि मधली साखळी तुटली. कुणाला लागलं नाही.

रामहरी खाली उतरून म्हणाला, "दोन बैलांना दोन धनी असले की असंच हुतं."

साहेब दिवसभर तुटलेल्या साखळीजवळ उभे होते. संध्याकाळी मला बोलावून म्हणाले की दोन इंजनांना एकच हात पाहिजे, आणि तो हात तू करून दे.

पौष वद्य ५

झालं!

पुढच्या इंजनात जोर वाढवायचं हँडल असतं, त्याला खाचा असतात. प्रत्येक खाचेला वेगळी तार. त्याच सगळ्या तारा मी एका जाड केबलीत बांधून मागच्या इंजनात नेल्या. पुढचं हँडल पहिल्या खाचेत टाकलं की मागचं इंजनही पहिल्या खाचेत. तिसरीत टाकलं की तिसरीत. मागे कुणी बसलेलं नसताना ते हुंकार देतं! साहेब मागच्या खोलीच्या दारात उभे होते. मोकळ्या खोलीत तबकड्यांवरच्या सुया आपोआप वर चढताना बघून ते लहान मुलासारखे हसले.

त्यांनी सांगितलं, अमेरिकेत आता मागच्या इंजनाला ड्रायव्हरची खोलीच ठेवत नाहीत. खिडकी नाही, खुर्ची नाही. नुसतं पेटीसारखं इंजन पुढच्याला जोडायचं, तशी आणखीही जोडायची, आणि सगळ्यांचा लगाम पुढे बसलेल्या एका माणसाच्या हातात.

दारात माणसं जमली होती. माझी पाठ थोपटायला दादा पुढे आला, बाकीचे तिथेच उभे राहिले. रामहरी मात्र म्हणाला, "पोरा, डोकं लई चालतं तुजं." तेही त्याने जमिनीकडे बघत म्हटलं.

पौष वद्य १०

काल संक्रांत. शेडमधलं कुणी तिळगूळ घ्यायला आमच्या घरी आलं नाही. दरवर्षी येतात म्हणे. वैनीने भरलेला डबा तसाच फडताळात ठेवला.

तपासणीच्या फेऱ्यांत मागच्या खोलीत एक माणूस बसवायचा आहे. त्याने नुसतं तेलाच्या आणि पाण्याच्या सुयांवर लक्ष ठेवायचं. चालवण्याचा त्याला अधिकार नाही. दादाने ते काम स्वतः मागून घेतलं. मला लाजल्यासारखं झालं. इतकी वर्षं आगीसमोर उभा राहिलेला माणूस आता सुया बघत बसणार. नोकरीला चिकटून राहायची ही धडपड साहेबांनाही दिसली असेल. घरी येऊन मी म्हणालो, "दादा, कशाला मागितलंस? हे काम एखादा शिकाऊ पोरही करील."

तो म्हणाला, "मला बसायचंय." हल्ली तो दुपारचा डबाही शेडमध्येच खातो, इंजनाच्या पायरीवर बसून. केबलीजवळच.

मागच्या खोलीतलं ब्रेकचं हँडल मी काढून घेतलं. नियमच आहे तो. ब्रेक एकाच हातात असावा, नाहीतर पुन्हा दोन धनी. ते आता माझ्या खिशात असतं.

पौष वद्य १३

रिकाम्या डब्यांसह घाट चढलो. एकही धक्का नाही. साहेबांनी हैदराबादेला तार केली.

उतरल्यावर दादा म्हणाला, "खिडकी उघडली तर तुज्या पुढच्या इंजनाचा धूर येतो, लावली तर माज्या इंजनाचा." मला हसू आलं. कोळशाच्या धुरात अर्धं आयुष्य घालवलेल्या माणसाने तेलाच्या धुराची तक्रार करावी! मी म्हणालो, "थंडी आहे, लावूनच घेत जा."

चेहऱ्यावर मात्र लाली आली आहे त्याच्या. काळवंडलेले गाल तांबूस दिसतात. वैनीला म्हणालो, बघ, तेलाचं इंजन मानवलं दादाला. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

माघ शुद्ध २

दादाचं काहीतरी बिनसलं आहे. फेरीहून आला की डोकं धरून बसतो. काल खाल्लेली भाकरी ओकून टाकली आणि दिवसा झोपला. दिवसा झोपलेला दादा मी जन्मात पाहिला नव्हता. मला शिंदीचा संशय आला. वैनीला आडून विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मीच खाली बघितलं.

"तोंडाला वास न्हाई," ती म्हणाली. "इंजनाचं कायतरी लागतंय त्यास्नी. तुमी साहेबाला सांगा की."

साहेबांना काय सांगू? की सुया बघून माझ्या भावाचं डोकं दुखतं?

मागच्या इंजनाच्या धुराच्या नळीला खोलीच्या भिंतीलगत एक सांधा आहे, तिथे काजळी धरते. सध्या तेल जास्त जळतं, जोरही पुरा लावतो, म्हणून असेल. यात्रा झाली की खोलून बघू.

माघ शुद्ध ४

आज शेडच्या आवारात म्हाळूने मला अडवलं. त्याच्याबरोबर इतर आगवालेही होते.

"खरं सांग बे त्रिंबक. हे चाललं तर आमी कुटं जायचं?"

मी म्हणालो, "नवीन काम निघेल. इंजनांची देखभाल लागेलच."

"कुनाला? तुला. आमाला कोन वायर शिकवनार?" तो ओरडला नाही, हळूच बोलत होता. मला ते जास्त लागलं. "घाटात गाडी अडली की तुज्या भावानं छातीएवढा जाळ केलाय. आता ती पेटी आपली आपण चढती. मानसाची गरजच न्हाई म्हनती."

तेवढ्यात दादा आला आणि माझ्या आणि त्यांच्या मध्ये उभा राहिला. ते पांगले.

घरी येताना मी दादाला विचारलं, तुलाही असंच वाटतं का? तो म्हणाला, "तू शिकला, चांगलं झालं. आता शिकल्यालं काय मागं घ्यायचं असतंय व्हय?" मध्येच भिंतीला हात लावून थांबला. म्हणाला, चक्कर आली, उन्हाची. ऊन नव्हतं.

माघ शुद्ध ७, रथसप्तमी

आज लिहायचं आहे. उद्या लिहिता येणार नाही.

यात्रेच्या गाडीएवढं वजन व्हावं म्हणून गिट्टी भरलेले डबे जोडले होते. पुढे रामहरी, मी आणि साहेब. मागे दादा. सकाळी गारठा होता, दादाला कणकण होती. वैनीने घोंगडी दिली, ती पांघरून तो चढला आणि दार लावून घेतलं. मी खालून काचेवर टकटक केलं. त्याने हात वर केला.

घाट सुरू झाला. हँडल एकेक खाच पुढे, शेवटच्या खाचेपर्यंत. खिंडीत, जिथे अडलो होतो तिथे, रामहरीने श्वास रोखला. गाडी जराही मंदावली नाही. मागच्या इंजनाने एकदाही कुरकूर केली नाही. पुढच्याच्या जोडीने, हुबेहूब, ते रेटत राहिलं. साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला होता आणि मला वाटत होतं, माझेच हात त्या केबलीतून मागपर्यंत पोचले आहेत.

घाटनांदूरला स्टेशनमास्तर हार घेऊन उभे होते. साहेबांनी आपला हार काढून माझ्या गळ्यात घातला. मी म्हटलं, हा दादाचा. हार हातात घेऊन मागे पळालो.

दार आतून ओढून घेतलेलं होतं. आत दादा जमिनीवर बसलेला होता, घोंगडी खांद्यावरून घसरलेली. मला वाटलं झोपला. गाल चांगले तांबूस होते. मी म्हणालो, "दादा, ऊठ. चढलो आपण." मी हसतच म्हणालो होतो.

ज्या दांड्यावर ब्रेकचं हँडल बसतं, त्या दांड्याला त्याच्या मुठीची घट्ट पकड होती. हँडल माझ्या खिशात होतं.

माघ शुद्ध ८

परळीला आणलं त्याच गाडीने. दुसरी गाडी नव्हती.

रेल्वेचे डॉक्टर म्हणाले, काळीज बंद पडलं. वैनी दारातूनच म्हणाली, "छातीचं दुखनं कदी नव्हतं त्यास्नी." डॉक्टरांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून घेतलं नाही.

खांदा द्यायला सगळी शेड आली. मला कुणी बाजूला सारलं नाही आणि कुणी जवळही आलं नाही. परतताना रामहरी माझ्या बाजूने चालत होता. म्हणाला, "कोळशाची दोन इंजनं असती, तर चढावर मागची शिट्टी न्हाई आली म्हनून मी तिथंच हुभा ऱ्हायलो असतो. ह्या इंजनांना शिट्टीच लागत न्हाई." मला दोष द्यायला म्हणाला नाही तो. त्याला ते कुणाला तरी सांगायचं होतं.

माघ शुद्ध १२

कादरी साहेब भेटायला आले. ओसरीवर बसले, डोळ्यांत पाणी होतं. खोटं नव्हतं ते. मग संकोचत त्यांनी खिशातून वरच्या ऑफिसला पाठवायचा मजकूर काढला आणि एक ओळ वाचून दाखवली. त्यात होतं की मागच्या इंजनातला माणूस वाटेतच मरण पावला असूनही गाडी पूर्ण जोराने घाट चढून गेली, तेव्हा मागच्या इंजनावर माणसाची आवश्यकता नाही याबद्दल आता शंका उरलेली नाही.

"काट दूँ क्या, त्रिंबक?"

मी म्हणालो, "राहू द्या. खरं आहे ते."

ते गेल्यावर कळलं की वैनी दाराआड होती. ती चुलीत पाणी ओतून आत निघून गेली.

माघ वद्य २

आज शेडमध्ये एकटाच मागच्या इंजनात चढलो. इंजन सुरू केलं, दार-खिडक्या लावल्या आणि जमिनीवर बसलो. सुरुवातीला काही वाटलं नाही. मग कपाळावर कुणीतरी पट्टा आवळतंय असं झालं. मग पाय आपले राहिले नाहीत. झोप यायला लागली, चांगली, गोड झोप. इतकी गोड की उठावंसं वाटेना. कसा उठलो ते आठवत नाही. दाराबाहेर रुळांवर पडलो आणि ओकलो.

नंतर धुराच्या नळीचा तो सांधा खोलला. आतून चिरलेला होता. धूर सरळ खोलीत येत होता; दादाच्या गालांवरची ती लाली याच धुराची.

साहेबांना सांगितलं. त्यांनी डोकं धरलं. म्हणाले सांधा बदल, आजच बदल. बाकी यात्रा झाल्यावर बघू, आत्ता हे वर कळलं तर इंजनं परत जातील. त्यांच्या चेहऱ्याकडे बघून कळलं की ते "यात्रा झाल्यावर"ही काही बघणार नाहीत. मला राग यायला हवा होता. पण "यात्रा झाली की खोलून बघू" हे माझंच वाक्य होतं, आणि मी ते त्यांच्या तोंडून ऐकत होतो.

सांधा बदलला.

माघ वद्य ५

दादाचा तेरावा झाला. पानं उठल्यावर म्हाळू मागे रेंगाळला. मला परसात नेलं.

"तुला वाटलं आसाराम नोकरीपाई मागं बसतोय."

मी परसाच्या भिंतीला टेकलो.

"आमी तुजी वायर कापनार व्हतो. ठरलं व्हतं. घाटात मागचं इंजन बंद पडंल, साहेब तोंड काळं करून जाईल, आपली कोळशाची इंजनं ऱ्हातील. आसारामला कळलं. म्हनला, माज्या भावाच्या वायरीला हात लावायचा आसंल तर आदी माज्यावरनं जा. तवापासून तिथंच बसला. जेवायलाबी तिथंच. त्याच्यासमोर कोन कापतंय?"

त्याने उपरण्याने तोंड पुसलं.

"कापाया पायजे व्हती बे. कापली आसती तर जिता आसता."

तो गेल्यावर मी तिथेच, राखेच्या ढिगाजवळ बसलो. दादा केबलीची राखण करत होता आणि मला त्याची लाज वाटत होती. ही गोष्ट आता कुठे ठेवू?

माघ वद्य ११

हुकूम आला. शिवरात्रीपासून जोडइंजनं धावणार. पुढे एक ड्रायव्हर, मागे कुणी नाही. आगवाल्यांना घरी जायला सांगितलं. म्हाळू आपल्या भावाच्या शेतावर गेला म्हणे, बाकीचे कुठे कुठे. शेडमध्ये फावडी एका कोपऱ्यात रचून ठेवली आहेत.

मी साहेबांकडे गेलो. म्हणालो, मागच्या खोलीतून पुढे वाजेल अशी एक घंटा बसवू द्या. एका दिवसाचं काम आहे.

ते म्हणाले, "लेकिन त्रिंबक, पीछे आदमी ही नहीं रहेगा. घंटी बजाएगा कौन?"

त्यांचं बोलणं रास्त होतं. त्यांचं बोलणं नेहमीच रास्त असतं.

सिकंदराबादेला माझी बढती झाली आहे. यात्रेनंतर हजर व्हायचं. वैनीला सांगितलं, तू चल माझ्याबरोबर. ती म्हणाली, "मी म्हायेराला जाते भावजी. घाटनांदूरला." पुढे हळूच म्हणाली, "तुमच्याकडं बघून मला घास गिळवत न्हाई. राग न्हाई माजा. पन गिळवत न्हाई."

माघ अमावास्या

वैजनाथाची यात्रा फुटली, लोक घरोघर परतायला लागले. डब्यांत, पायरीवर, जागा मिळेल तिथे माणसं. दिवसभर घाटनांदूरच्या फेऱ्या चालू होत्या. लोक इंजनाला नारळ फोडत होते.

पहिल्या फेरीला वैनी स्टेशनवर आली. काखेत एक गाठोडं. मी म्हणालो, अवसेला कशाला निघालीस, उद्या जा. ती म्हणाली, "आता माजं काय वाईट व्हायचं ऱ्हायलंय?" मी तिच्यासाठी बायकांच्या डब्यात जागा धरून ठेवली होती. ती त्या डब्याकडे गेलीच नाही. मागच्या इंजनापाशी उभी राहिली.

"मला ह्यात बसायचं."

"वैनी, परवानगी नाही तिथे."

"त्यास्नी व्हती?"

मी रामहरीकडे पाहिलं. त्याने मान वळवली, म्हणजे त्याने काही पाहिलं नाही. मी तिला चढवलं. दोन्ही खिडक्या उघडल्या, दार उघडं राहावं म्हणून बाहेरून तारेने बांधलं, आणि सांधा पुन्हा हाताने चाचपून पाहिला. तिने खुर्चीकडे बघितलंही नाही. विचारलं, "कुटं बसले व्हते?" मी जागा दाखवली. ती तिथे, जमिनीवर बसली.

मी पुढे गेलो. गाडी निघाली. घाट लागल्यावर हँडल खाचेखाचेने पुढे सरकत गेलं आणि मागचं इंजन मुकाट्याने ऐकत गेलं. ती बरी आहे का, धूर येतोय का, तिला उठता येतंय का, मला काही कळायला मार्ग नव्हता. मी खिडकीतून पार कमरेपर्यंत बाहेर वाकलो. लोखंडी पेटीची लांब भिंत दिसली, तेवढीच. खिंडीत मी रामहरीला म्हणालो, थांबव. तो म्हणाला, "चढावर हुभी केली तर एवढं वजन पुन्हा हलायचं न्हाई. मागं सरकली तर मानसं मरतील." खरं होतं ते. मी दोन्ही हातांनी खिडकीची चौकट धरून उभा राहिलो. डब्यांतली माणसं देवाचं नाव घेत होती.

घाटनांदूरला गाडी थांबायच्या आधी उडी मारली. ती दारात उभी होती. चेहरा नेहमीसारखाच होता, सावळा. मी तिच्या पायांशीच बसलो.

ती खाली उतरली. गाठोडं काखेत नीट केलं.

"घाटात तुमाला हाक मारली व्हती मी," ती म्हणाली. "दोनदा. मोठ्यानं. आली का ऐकू?"

"नाही वैनी."

तिने मान हलवली. "त्यांनीबी मारली आसंल."

एवढंच म्हणाली. गर्दीतून चालत गेली, फाटकाबाहेर तिचा भाऊ बैलगाडी घेऊन थांबला होता. तिने मागे वळून पाहिलं नाही. हार घातलेली इंजनं मागे टाकून ती गेली.

दुसऱ्या फेरीला परळीहून निघताना मी रामहरीला म्हणालो, तू एकटा चालव. मागच्या इंजनात जाऊन बसलो, जमिनीवर. खिंड आली. इंजन शेवटच्या खाचेत गेलं. मी सगळा जीव एकवटून "दादा" म्हणून हाक मारली.

त्या आवाजात माझी हाक मलाच ऐकू आली नाही.